काळ्या मातीवरचं हरिकेन

रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद लागलेला माणूस थोडा सरावला की वॉरबर्डकडे वळतो. वॉरबर्ड म्हणजे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या उडत्या प्रतिकृती. त्यातही बहुतेकांना आधी हवं असतं ते ब्रिटिशांचं स्पिटफायर. आर. जे. मिचेलने काढलेला तो लंबगोल पंख एकदा डोळ्यांत भरला की दुसरं काही आवडेनासं होतं, हे मी जाणतो. तरीही माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी सांगतो, आधी त्याच्याच जोडीचं हरिकेन बांध. आपल्या विदर्भात ढेकळांवरून, चराईच्या जमिनीवरून, भेगाळलेल्या काळ्या मातीवरून उडवायचं असेल तर हरिकेनच बांध. स्पिटफायर परवडत नाही किंवा जमणार नाही म्हणून हा सल्ला नाही. ज्या कारणांसाठी आपल्या लोकांनी हे विमान इंफाळच्या खोऱ्यात उडवलं, त्याच कारणांसाठी ते आपल्या वावरात शोभतं, असं माझं मत झालंय. ते मत वाचून नव्हे, बांधून झालं.

सिडनी कॅमने आखलेलं हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं, म्हणजे स्पिटफायरच्या चार महिने आधी. पाठीला कुबड, पंख जाड, मागचा निम्मा भाग कापडाचा. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत जर्मनांची जास्त विमानं हरिकेननी पाडली, आणि कौतुक स्पिटफायरच्या वाट्याला आलं. एकूण चौदा हजारांहून जास्त हरिकेन तयार झाली. इतक्या संख्येने जे बांधलं गेलं आणि इतक्या ठिकाणी जे दुरुस्त होत राहिलं, ते बांधायला आणि दुरुस्त करायला सोपं असणारच.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या एका गावात. रब्बीत रात्रीची लाइन असली आणि व्होल्टेज पडलं की सकाळी दुकानासमोर जळालेल्या पंपांची रांग लागते. या धंद्याचा मला विमानांत फार उपयोग झाला, आणि गावातल्या लोकांनाही माझी विमानं लवकर कळली ती त्यामुळेच. मॉडेलमधल्या ब्रशलेस मोटारीला तीन वायरी असतात. मोटार उलटी फिरली तर त्यातल्या कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या. हे शहरातल्या शिकलेल्या पोराला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडचा शेतकरी लगेच म्हणतो, ‘‘म्हंजे थ्री फेजचीच गोष्ट झाली नं.’’ त्याने बोअरचा पंप उलटा फिरताना पाहिलेला असतो, पाणी न आल्यावर स्टार्टरमधल्या दोन फेज बदललेल्या असतात.

मोटारीवर केव्ही नावाचा आकडा लिहिलेला असतो, तो म्हणजे एका व्होल्टला भार नसताना मिनिटाचे किती फेरे. माझ्या हरिकेनला ११२० केव्हीची मोटार आहे. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे बिनपंख्याची मोटार मिनिटाला साडेबारा हजारांच्या आसपास फिरेल. पंखा चढवला की अर्थातच कमी. वेढे कमी आणि तार जाड केली की केव्ही वाढतो, स्टारची डेल्टा केली की १.७३ पट होतो. जळालेली छोटी मोटार मी फेकत नाही. भिंगाखाली धरून पुन्हा भरतो. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला जे गणित, तेच बोटाएवढ्या मोटारीला लागतं, याचा मला आजही आनंद होतो.

आता विमान. मी बांधतो ते एक दशांश मापाचं. खऱ्या हरिकेनचा पंखविस्तार १२.१९ मीटर, माझ्याचा १२२ सेंटिमीटर. माप ठरलं की पहिला प्रश्न चाकांचा. स्पिटफायरची चाकं अंगाला चिकटून निघतात आणि दुमडताना बाहेर, पंखांच्या टोकांकडे जातात. दोन चाकांतलं अंतर जेमतेम पावणेदोन मीटर. मॉडेलमध्ये ते सतरा-साडेसतरा सेंटिमीटर होतं. त्याने पंख पातळ आणि हलका राहिला, हे खरं. पण धावताना एक चाक ढेकळावर चढलं की पंखाचं टोक जमिनीला लागतं आणि विमान गिरकी घेतं. गुळगुळीत डांबरी पट्टी असेल तर गोष्ट वेगळी. हरिकेनची चाकं पंखात बरीच बाहेर बसवलेली आणि दुमडतात आत, अंगाकडे. त्यामुळे उभं राहताना ते पाय फाकून उभं राहतं. आमच्या गावाबाहेरच्या ई-क्लास, म्हणजे चराईच्या सरकारी जमिनीवर गुरांच्या खुरांनी पडलेले खड्डे आहेत, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे हे चार-सहा सेंटिमीटर जास्तीचं अंतर काय किमतीचं आहे ते एकदा उतरवून पाहिल्यावर कळतं. खऱ्यापेक्षा थोडी मोठी चाकं मी लावतो. मापाचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकेल. काळी माती पाहिलेल्यांना खटकणार नाही.

पंखाची गोष्टही तशीच. हरिकेनचा पंख मुळाशी जाड आहे, रुंदीच्या १९ टक्के. या जाडीपायी त्याचा वेग मर्यादित राहिला, आणि याच जाडीमुळे त्यात बारा मशीनगन किंवा चार तोफा मावल्या. मॉडेलमध्ये त्या जाडीत कळकाची कामटी आडवी सरकते, सर्व्हो (पंखाच्या हलत्या झडपा ओढणाऱ्या छोट्या मोटारी) पूर्ण आत बसतात, आणि थर्माकोलचा गाभा असूनही पंख वाकत नाही. निक्रोमच्या तापलेल्या तारेने गाभा कापायचा, त्यावर पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलने खाकी कागद चढवायचा, रात्रभर वजनाखाली ठेवायचा. पंखाच्या टोकाशी पुढची कड मुळापेक्षा दोन अंश खाली झुकवायची. हा पीळ अगदी महत्त्वाचा. वेग कमी झाला की पंखाने आधी मुळाशी हवा सोडावी, म्हणजे उचल गमवावी, टोकाशी नंतर, म्हणजे विमान एका कुशीवर कोसळत नाही. स्पिटफायरच्या पंखातही मिचेलने असाच पीळ दिलेला होता. लंबगोल पंखाचं मॉडेल करताना तो पीळ सारखा साधणं फार कठीण. हरिकेनच्या सरळ कडांच्या पंखाला तो एका पट्टीने आणि दोन ठोकळ्यांनी साधतो.

वजनाचं गणित मला सगळ्यात सुंदर वाटतं. माप दहापट लहान केलं की पंखाचं क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं आणि आकारमान हजारपट. भरलेलं हरिकेन सुमारे ३,४०० किलोचं. हजाराने भागलं तर ३.४ किलो येतात. एवढं वजन या पंखावर घातलं तर ते उडेल, पण आपल्या डोळ्यांना आणि हातांना झेपणार नाही अशा वेगाने. म्हणून मॉडेल हिशेबाच्या एक तृतीयांशात बसवावं लागतं. माझं १,१०० ग्रॅमचं आहे, आणि ताशी तीस किलोमीटरच्या आसपास आलं की ते हवा सोडतं. दुसरी अडचण नाकाची. खऱ्या विमानाचं मर्लिन इंजिन साडेसहाशे किलोच्या घरात, म्हणजे एकूण वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाकात. माझी मोटार पाऊणशे ग्रॅमची, पंधरावा हिस्सा. आकार मात्र कॅमने मर्लिनच्या वजनाला धरून काढलेला. म्हणून वॉरबर्डची मॉडेलं शेपटीकडे जड होतात. समतोलाचा बिंदू पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांत यायला हवा, माझ्या विमानात पुढच्या कडेपासून साधारण साडेपाच सेंटिमीटरवर. त्यासाठी १८० ग्रॅमची बॅटरी नाकात अगदी पुढे जाते. आणि शेपटीतला एकेक ग्रॅम कमी करावा लागतो, कारण तिथल्या एका ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं.

इथे आमच्या गावचे सुतार काकाजी येतात. तान्ह्या पोळ्याला लेकरांसाठी लाकडी नंदी करायचं काम त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. शिंगांचा डौल, वशिंडाची चढण, चाकांची गोलाई हे त्यांना मोजपट्टीशिवाय दिसतं. मी बाल्साची पातळ फळी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती तळव्यावर तोलली, नखाने दाबली आणि म्हणाले, ‘‘हे तं सावरीच्या कुळातलं दिसते.’’ मी थक्क झालो. बाल्सा हे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं झाड, सगळ्यात जास्त लाकूड इक्वाडोरहून येतं. आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते आपल्या काटेसावरीच्याच कुळातलं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळून लालबुंद फुलणारी आपली सावर. काकाजींनी ते लाकडाच्या रेषांवरून ओळखलं.

सावरीचं लाकूड बाल्सापेक्षा जड असतं, पण इतर गावठी लाकडांच्या मानाने हलकंच. मग आम्ही कामाची वाटणी केली. नाकाचा ठोकळा, पंख्यामागचा भाग, चाकांचे तुंबे सावरीचे, कारण नाकात वजन हवंच आहे. शेपटीकडच्या कड्या आणि लांब पट्ट्या बाल्साच्या. बाजारातलं फोमचं हरिकेन मागून गुळगुळीत असतं. खरं हरिकेन तसं नव्हतं. त्याच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी कड्या आणि पट्ट्या होत्या आणि त्यावर ताणलेलं कापड. उन्हात त्या पट्ट्यांच्या रेघा अंगावर उठून दिसायच्या. गोळी आरपार गेली तर पुष्कळदा नुसतं भोक पडायचं. ठिगळ लावून विमान पुन्हा उडायचं. तो मागचा भाग तसाच्या तसा करणं, माझ्या मते, हरिकेन बांधण्यातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे.

त्यावर मी कापड नाही, पतंगाचा कागद लावतो. संक्रांतीच्या आधी नागपूरला गेलो की पांढरे ताव घेऊन ठेवतो. फेव्हिकॉलने कडा चिकटवायच्या, वरून पाण्याचा हलका फवारा मारायचा. वाळताना कागद आपोआप ताणतो आणि टिचकी मारली की वाजतो. मग फर्निचरवाल्यांचं एनसी लॅकर, थिनरमध्ये पातळ करून, दोन हात. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापडी विमानांना ताणून ताठ करायला लावायचं डोप याच सेल्युलोजच्या कुळातलं. आणि नायट्रोसेल्युलोज करायला लागणाऱ्या शुद्ध सेल्युलोजचा एक जुना स्रोत म्हणजे सरकीला चिकटून राहिलेला बारीक तंतू. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की उरलेल्या सरकीवर तो पांढरा लव दिसतो. ज्या भागात कापसावर घरं चालतात तिथल्या माणसाने हे माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं. (लॅकर थर्माकोलला लागू देऊ नये. क्षणात खातं.)

आता इंफाळ. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजांनी इंफाळचा रस्ता तोडला आणि तो २२ जूनला पुन्हा मोकळा होईपर्यंत त्या खोऱ्यातली फौज विमानांनी आणलेल्या धान्यावर, दारूगोळ्यावर आणि पेट्रोलवर तगली. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, तिथे हरिकेनवर होती, प्रमुख पंचविशीतला अर्जन सिंग. काम मुख्यतः टेहळणीचं. झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, खाली जंगलात कुठे वाट तुडवली गेलीय, कुठे धूर निघतोय, कुठला पूल रातोरात उभा राहिलाय ते पाहून यायचं. बर्मातल्या अराकानच्या बाजूला सहावी स्क्वॉड्रन मेहर सिंगच्या हाताखाली हेच करत होती. विमानं जोडीने जायची. एकाने खाली पाहायचं, दुसऱ्याने त्याच्या मागे डावी-उजवीकडे डुलत आकाश राखायचं. मेहर सिंगला त्या कामासाठी डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं, आणि त्या युद्धात ते मिळालेला भारतीय हवाई दलाचा तो एकटाच अधिकारी.

त्या खोऱ्यातल्या काही धावपट्ट्या फक्त कोरड्या दिवसांत चालायच्या. पाऊस, चिखल, सुट्या भागांचा तुटवडा, तंबूतलं वर्कशॉप. १९४४ साली युरोपात हरिकेन मागे पडलेलं होतं, आणि इकडे त्याची फाकलेली चाकं, जाड पंख आणि ठिगळ लावता येणारं शेपूट या गोष्टींचं मोल वाढलं होतं. लांब पल्ल्याच्या टाक्या, बॉम्ब, कॅमेरे, जे लावलं ते त्याने नेलं. मी चाकांचा खटाटोप करत होतो, शेपटीला कागद लावत होतो, तेव्हा हे माझ्या लक्षात येत गेलं. कच्च्या जमिनीने विमानाकडून जे मागावं तेच ती मागते, मग ती जमीन मणिपूरची असो की वर्धा जिल्ह्यातली.

म्हणूनच रंगाच्या बाबतीत मी ऐकत नाही. तयार मिळणारं जवळपास प्रत्येक हरिकेन इंग्लंडच्या आकाशातलं असतं. लाल ठिपक्याचं गोल चिन्ह, शेपटीजवळ फिकट आकाशी पट्टा, पंखांच्या पुढच्या कडा पिवळ्या. आपल्याकडच्या विमानांवर तो लाल ठिपका नव्हता. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा, गडबडीत आपल्याच माणसाने आपल्याच विमानावर गोळी झाडू नये म्हणून १९४२ मध्ये या आघाडीवर लाल रंग काढून टाकला गेला. निळं वर्तुळ, आत पांढरा किंवा फिकट निळा ठिपका, एवढंच. वरून गर्द हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून करडा. मी आधी पूर्ण अंगाला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग देतो, मग पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिक पाय ठेवून चढायचे, तिथे बारीक पॉलिश पेपरने रंग घासून चंदेरी छटा काढतो. तोफांच्या मागे धुराचे काळे ओघळ. आणि पोटाखाली धूळ. धुळीसाठी रंग लागत नाही, दोन-चार उड्डाणांत आमची जमीन ती आपणच लावते.

हे विमान पहिल्यांदा ई-क्लासवर नेलं तेव्हा पोरांच्या मागे आबाजीही आले होते. नव्वदीच्या घरातले. त्यांचं आजोळ आष्टीकडचं. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीला आणि चिमूरला काय झालं ते आमच्या भागात अजून घराघरांत सांगतात. ठाण्यावर चाल करून गेलेले लोक, गोळीबार, आणि नंतर गावांवर उगवलेला सूड. आबाजींनी ते मामाच्या तोंडून ऐकलेलं. ते बराच वेळ विमान पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘हे गोऱ्याईचं इमान होय नं?’’

‘‘होय आबाजी.’’

‘‘मंग आपल्या गावात काहून उडवून राहिला बाबू?’’

हा प्रश्न मला आधीही पडलेला होता, त्यामुळे मी टाळाटाळ केली नाही. मी सांगितलं की इमान गोऱ्यांचं, पण आत बसलेला पोरगा आपला. लायलपूरचा अर्जन सिंग. त्याच पोराने पुढे १५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमानांचा ताफा नेला, आणि १९६५ च्या लढाईत तो आपल्या हवाई दलाचा प्रमुख होता. त्याच्या जोडीच्या मेहर सिंगने १९४८ मध्ये डाकोटा विमान हिमालय ओलांडून लेहला उतरवलं, तिथे आधी कोणी उतरलं नव्हतं. हे सगळं शिकले ते याच इमानांवर. आबाजींनी विचारलं, सुभाषबाबूंची फौज तेव्हा कुठे होती. मी म्हटलं, तिथेच. १४ एप्रिल १९४४ ला इंफाळजवळ मोइरांगला त्यांनी तिरंगा लावला.

‘‘म्हंजे खालीही आपलेच पोट्टे, अन् वरतीही आपलेच.’’

मी होय म्हटलं. त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. काठी टेकत ते विमानाभोवती एक फेरी मारून आले, कागद लावलेल्या शेपटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘‘नाव लिही ना त्याचं यावर. नुसते गोल काढले तं कोणाले समजन?’’ खऱ्या हरिकेनवर देवनागरीत नाव मी तरी पाहिलेलं नाही. पण माझ्या विमानावर वैमानिकाच्या काचेखाली, डाव्या बाजूला, पांढऱ्या रंगात ‘अर्जन सिंग’ लिहिलेलं आहे. रंगकामात इतिहासाच्या तपशिलापासून मी फक्त तेवढ्यात ढळलो आणि तिथून मागे फिरायची माझी इच्छा नाही. आता पोरं नाव वाचतात आणि कोण म्हणून विचारतात. मला दर वेळी सगळं सांगता येतं.

उडवायचं वेळापत्रक मात्र पीक ठरवतं. पावसाळ्यात ई-क्लासवर चिखल, गुरं, आणि आजूबाजूला हातभर सोयाबीन. विमान पिकात उतरलं तर काढायला जाणाऱ्याच्या पायाखाली दुसऱ्याचं वावर तुडवलं जाणार, म्हणून मी तेव्हा उडवत नाही. सोयाबीन निघालं की दिवाळीनंतरच्या सकाळी सुरुवात. डिसेंबर-जानेवारीतली हवा सर्वांत चांगली. दाट, थंड, आठ वाजेपर्यंत झाडाचं पान हलत नाही. कापसाची वेचणी संपून उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटून निघाली की जागा वाढते, पण वाऱ्याची लहर बिघडायला लागते. एप्रिल-मेमध्ये नऊ वाजता जमीन तापून वावटळी उठतात. एखादी वावटळ उतरत्या विमानाखालून गेली तर एक पंख वर फेकला जातो, आणि तेव्हा तो पंखाचा पीळ वाचवतो. बारा अंशांच्या सकाळीपेक्षा पंचेचाळीस अंशांच्या दुपारी हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होते. पंख्याला पकड कमी, पंखाला आधार कमी, उतरण्याचा वेग पाच-सहा टक्के जास्त. धावपट्टी तेवढीच. उन्हाळ्यात मी फक्त सूर्य उगवताना उडवतो, आणि बॅटऱ्या घरात सावलीत, मातीच्या मडक्यात वाळूवर, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवतो. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी मे महिन्यात टिनाच्या छपराखाली राहिली तर फुगते. फुगलेली पुन्हा चार्ज करू नये.

जागेबद्दल सांगायलाच हवं. मौजेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांची २०२१ च्या ड्रोन नियमांत वेगळी नोंद आहे. पण डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरवी, म्हणजे उडवायला मोकळी आहे का ते पाहूनच विमान बाहेर काढावं, आणि हिरव्या झोनमध्येही १२० मीटरच्या आत राहावं. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या दिशेला तर कोणीच जाऊ नये. गावात पाटलांना, पोलीस पाटलांना आणि गुराख्याला सांगून ठेवावं. गुराखी सगळ्यांत महत्त्वाचा. जनावरं बिथरली तर त्याचा दिवस जातो.

उड्डाण असं असतं. विमान वाऱ्याकडे तोंड करून, पोरं माझ्या पाठीमागे. थ्रॉटल हळूहळू द्यायचं. एकदम दिलं तर पंख्याच्या पिळाने नाक डावीकडे ओढलं जातं, खऱ्या मर्लिनवाल्या हरिकेनचंही तसंच व्हायचं. रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, उजवीकडे थोडं दाबून धरायचं. शेपूट उचलली जाते, चाकं खुरांच्या खड्ड्यांवरून थडथडतात, आणि तो थडथडाट थांबला की विमान उडालेलं असतं. मी कसरती करत नाही. टेहळणीचं विमान आहे, तसंच उडवतो. बाभळींच्या रांगेवरून खाली एक लांब फेरी, वळताना पंख इतका कलता की वरचा हिरवा-तपकिरी रंग पूर्ण दिसावा. मागे तपकिरी ढेकळं असली की तो रंग का निवडला होता ते कुणाला सांगावं लागत नाही, विमान क्षणभर हरवतंच. त्या क्षणी डोळा मिटायचा नाही. मग उतरताना थोडी ताकद ठेवूनच आणायचं, नाक उगाच वर धरायचं नाही, पुढची दोन्ही चाकं आधी टेकवायची आणि शेपूट आपली आपण खाली येऊ द्यायची. घारी पुष्कळदा बरोबर फिरतात. त्यांच्या जवळ कधी जाऊ नये. 

सध्या टेबलावर लायसँडर आहे. वर पंख, खाली न दुमडणारी चाकं, अगदी हळू उडणारं विमान. फेब्रुवारी १९४२ मध्ये करुण कृष्ण मजुमदारांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली स्क्वॉड्रन ते घेऊन बर्मात टाउंगूला गेली होती. मुळात ते लष्कराच्या मदतीला, टेहळणीला बनवलेलं; या लोकांनी त्याला अडीचशे पौंडांचे बॉम्ब बांधून जपान्यांच्या तळांवर नेलं. एक दशांशात त्याचा पंख १५२ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे आमच्या दाराच्या चौकटीतून तो तिरपा न्यावा लागणार. पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या होत्या, त्या चालत्या करायच्या की नुसत्या दाखवायच्या यावर माझं आणि काकाजींचं अजून एकमत झालेलं नाही. काकाजी म्हणतात चालत्याच करायच्या, बिजागऱ्या ते करून देतील. पंखाच्या तिरप्या आधारांना त्यांना सावर हवी आहे, मला बाल्सा. वाळायला ठेवलेली सावरीची फळी पोळ्यापर्यंत तयार होईल, तेव्हा दोन्ही आधार तराजूवर ठेवून ठरवू.